वेणीत अडकलेला 'ये'

जवळ या सगळे. अजून जवळ. पाय पोटाशी घ्या आणि शेजारच्याचा हात धरा, कारण गोष्ट भीतीची आहे. नंतर म्हणू नका, मावशीनं आधी सांगितलं नाही म्हणून. मध्येच कुणी खिदळलं तर मी तिथेच थांबेन, आणि मग छबूचं पुढे काय झालं ते शोधत बसा तुमचं तुम्ही.

तर, ओढ्याकाठी एक वाडी होती आणि वाडीच्या टोकाला एक खोपटं होतं. त्यात तिघीजणी राहायच्या. आई, नऊ वर्षांची शेवंती आणि चार वर्षांची छबू. छबू पाळण्यात होती तेव्हाच बाबा देवाघरी गेले. आई दिवसभर रद्दीच्या पुड्या चिकटवायची. वाणीकाका त्या पुड्यांत जिरं भरायचे, साखर भरायचे. लोकांच्या घरी साखरेची पुडी गेली, की यांच्या घरी भाकरी यायची. कधीकधी भाकरी नसायचीच. मग घरात नुसती खळ असायची. खळ ठाऊक आहे ना? कणीक पाण्यात शिजवायची, चिकट चिकट करायची आणि तिनं कागद चिकटवायचे. भूक फारच लागली की छबू हळूच खळीत बोट बुडवायची आणि चाटायची. आई बघायची, आणि न बघितल्यासारखं करायची.

शेवंतीकडे बाहुली नव्हती, चेंडू नव्हता, काहीसुद्धा नव्हतं. पण तिच्याकडे शब्द होते! रद्दीतल्या जुन्या पुस्तकांतून ती इवल्याशा कात्रीनं शब्द कापायची आणि तीन काड्यापेट्यांत ठेवायची. शाळेतल्या बाईंनी तिला शिकवलं होतं, वस्तूचं नाव ते नाम, त्याचं रंगरूप सांगतं ते विशेषण आणि काम सांगतं ते क्रियापद. म्हणून एका पेटीत नावं, एकीत रंगरूपाचे शब्द आणि एकीत कामाचे. दुपारी ती जमीन सारवल्यासारखी स्वच्छ झाडायची आणि शब्द मांडायची. 'लठ्ठ मुंगी गाते.' मग मुंगी उचलायची, बादली ठेवायची. 'लठ्ठ बादली गाते.' छबू पोट धरधरून हसायची. "अजून, ताई, अजून!"

रंगरूपाची पेटी शेवंतीची फार फार लाडकी. जांभळा, चकचकीत, गुबगुबीत, चंदेरी! एक शब्द पुरत असला तरी ती तीन लावायची. बाई म्हणायच्या, "शेवंती, तुझ्या वाक्याला दागिन्यांचं ओझं होतं गं." पण ऐकेल ती शेवंती कसली!

मात्र एक होतं. फाटका शब्द ती कधी चुलीत टाकायची नाही. आदल्याच दिवशी तिला 'पाकळी' हा शब्द मधोमध फाटलेला सापडला. भांड्यात खळ बोटभरच उरली होती, आणि पोटात कावळे ओरडत होते. तरी ती खळ तिनं चाटली नाही. तिनं पाकळीचे दोन तुकडे जोडले, फुंकर घातली आणि उन्हात वाळत ठेवले. संध्याकाळी बघते तर पाकळी गायब. वाऱ्यानं उडाली असेल, असं तिला वाटलं.

आता त्या घरातली एक रीत सांगते. तुमच्याही घरात असणारच. बाहेर पडताना 'जाते' म्हणायचं नाही. 'येते' म्हणायचं. आणि घरात जो असेल त्यानं 'ये' म्हणायचं. शेवंतीनं एकदा विचारलं होतं, "आई, निघालो तर आपण जायलाच ना? मग येते कशाला म्हणायचं?" आई म्हणाली, "पाय जातात गं. जीव इथंच असतो. त्याला सांगून ठेवायचं, की येते." शेवंतीला काही ते नीटसं कळलं नाही. पण सवय लागली.

एका दुपारी शेवंती कधी नव्हे एवढं मोठं वाक्य मांडत होती. चुलीपासून दारापर्यंत शब्दच शब्द. छबूला खेळायचं होतं. ती म्हणाली, "ताई, लठ्ठ बादली कर ना."

"आत्ता नाही, छबे."

"एकदाच. एकदाच कर ना गं!" आणि छबूनं ताईचा हात ओढला. हात काड्यापेटीला लागला, आणि कामाचे सगळे शब्द खळीच्या भांड्यात पडले. धावते, हसतो, उडतात, नाचली, सगळेच्या सगळे बुडाले. त्यांना काढायला म्हणून छबूनं घाईघाईनं भांड्यात हात घातला, तोल जाऊन तिचा पायही आत गेला, आणि उरलेसुरलेही तुडवले गेले.

शेवंतीच्या डोक्यात राग भणाणला. ती ओरडली, "जा! जा इथून! मला बहीण नकोच आहे!"

छबूचा खालचा ओठ थरथरला. "जाते," ती म्हणाली. "जातेच मी. कधीच नाही येणार."

आणि ती गेली. आई परसात पुड्या वाळत घालत होती, तिला काही ऐकू गेलं नाही. शेवंतीनं ऐकलं, पण तिनं मान वर केली नाही. मागून 'ये' कुणीच म्हटलं नाही.

थोड्या वेळानं राग उतरला. शेवंतीनं दाराकडे बघितलं. अंगणात चिमुकली पावलं उमटली होती, खळीनं माखलेली, पांढरी पांढरी. एक पाऊल, दुसरं पाऊल, तिसरं. ती गल्लीकडे वळली नव्हती, शाळेकडे वळली नव्हती. ती सरळ ओढ्याकडे, केवड्याच्या बनाकडे गेली होती. शेवंतीच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण त्या बनात कुणी जात नसे. केवड्याच्या पानांना करवतीसारखे काटे. बुंध्याशी साप असतात म्हणे. पण साप परवडले! वाडीतले म्हातारे म्हणायचे, बनात आणखी काहीतरी आहे. काय आहे ते ते सांगायचे नाहीत. नुसते तोंडावर बोट ठेवायचे आणि गप्प व्हायचे.

शेवंतीनं तिन्ही काड्यापेट्या खिशात कोंबल्या. का कोंबल्या ते तिलाही ठाऊक नव्हतं. भीती वाटली की आपलं काहीतरी जवळ लागतं. उंबरा ओलांडताना सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "आई, येते गं!"

परसातून आईचा आवाज आला, "ये हं! दिवेलागणीच्या आत ये!"

आणि शेवंती पळत सुटली.

पावलं बनाच्या तोंडाशी संपली. पुढे हिरवी काळी भिंतच होती, पानांत पानं गुंतलेली आणि काट्यांत काटे अडकलेले. शेवंतीनं हाक मारली, "छबू! ए छबू!" हाक बनात शिरली आणि मधूनच कापल्यासारखी बंद झाली. आत पान हलत होतं, पण सळसळ नव्हती. एक पाखरू चोच उघडत होतं, पण किलबिल नव्हती. शेवंती मटकन खाली बसली आणि रडू लागली.

"अगं अगं, रडून डोळे झाकतील, मग बघणार कशानं?"

शेवंतीनं वर बघितलं. केवड्याच्या पिवळ्याधमक कणसातून कुणीतरी डोकावत होतं. अंगठ्याएवढी परी होती ती! अंगावर हळदीच्या रंगाचं परकर-पोलकं, केसांत दवाच्या थेंबांचा गजरा, आणि पाठीवर कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ गुलाबी पंख. त्यातल्या एका पंखाला मधोमध जोड होता. जोडावर वाळलेली खळ दिसत होती.

"ओळखलंस ना?" परी हसली. "तू चिकटवलीस ती पाकळी माझा पंख होती. भूक लागलेली असताना तू माझ्यासाठी खळ वापरलीस. आता मी तुझ्यासाठी आले. पण घाई कर, शेवंती बाळ. छबूला अबोल्यानं धरलंय."

"अबोला म्हणजे कोण?"

परीनं आवाज एकदम खाली आणला. "रागानं एक म्हणतं जा. रागानं दुसरं म्हणतं जाते. आणि मागून कुणी ये म्हणत नाही. अशा वेळी अबोला येतो. त्याला तोंड नाही. तो चावत नाही, ओरबाडत नाही. नुसता येऊन अंगावर बसतो आणि आतले शब्द पितो. सूर्य त्या चिंचेआड गेला की पिणं पुरं झालं. मग ते माणूस कायमचं त्याचं."

शेवंतीनं मागे वळून बघितलं. सूर्य चिंचेपासून जेमतेम चार बोटं वर होता.

"मी तुला तीन वाक्यं देते," परी म्हणाली. "तुझ्या पेट्यांतले शब्द जमिनीवर मांड. जे मांडशील ते खरं होईल. पण नियम ऐक. मांडलेला शब्द परत उचलता येत नाही. आणि कामाच्या शब्दावाचून वाक्य जागचं हलत नाही."

शेवंतीनं पेट्या उघडल्या. रंगरूपाची पेटी काठोकाठ भरलेली. नावंही बरीच. आणि कामाच्या पेटीत काय? दोन चिठ्ठ्या, खळीतून कशाबशा वाचलेल्या. 'दिसते' आणि 'पळतो'. बस्स.

"परीबाई, वाक्यं तीन आणि कामाचे शब्द दोनच!"

"तिसरा तुझ्या वेणीत आहे."

शेवंतीनं वेणी चाचपली. खरंच की! रिबिनीच्या गाठीत एक एवढीशी सोनेरी चिठ्ठी अडकली होती, काजव्यासारखी लुकलुकत. तिच्यावर लिहिलं होतं, 'ये'.

"उंबऱ्यावर आईनं दिलेला," परी म्हणाली. "हा आहे तोवर तुला घरची वाट आहे. अबोला तो पिऊ शकत नाही. पण एकच आहे, आणि तो एकालाच पुरतो. जप त्याला. मला आत येता येत नाही गं, माझा आवाज तो एका घोटात पिईल. मी इथं थांबते."

शेवंतीनं डोळे पुसले. पहिलं वाक्य सोपं होतं. 'वाट दिसते.' तिनं दोन्ही शब्द मांडले. पण ते फार उघडेबोडके वाटले हो तिला! सवय कुठे जाते? हात आपोआप लाडक्या पेटीत गेला, आणि तिनं पुढे 'लांबलचक' लावून टाकला.

'लांबलचक वाट दिसते.'

काटे बाजूला झाले. केवडा दुभंगला. आणि वाट दिसली. काय दिसली म्हणता! इथून जी सुटली ती सुटलीच. बन होतं केवढं? चार उड्यांत संपेल एवढं. पण वाट संपेचना. शेवंतीनं झटकन 'लांबलचक' उचलायला बघितलं, तर चिठ्ठी जमिनीला घट्ट. उचलता येत नाही म्हणून सांगितलं होतं की नाही? मग काय, पळ आता! ती पळाली, धापा टाकत पळाली, पोटात कळ येईपर्यंत पळाली. दोन्ही बाजूंना काळ्या मुळ्या वेटोळी घालून बसल्या होत्या. त्यातल्या काही मुळ्या होत्या आणि काही हलत होत्या. तिनं तिकडे बघितलंच नाही. एका साध्या वाटेला नको तो शब्द जोडला म्हणून सूर्य दोन बोटं खाली आला.

वाटेच्या टोकाला एक मोकळी जागा होती. तिथं अबोला बसला होता.

हात धरलेत ना? धरा. तो होता राखाडी, ओल्या गोधडीसारखा, जड आणि थंडगार. डोळे नाहीत, तोंड नाही. कोंबडी अंड्यावर बसते तसा तो छबूवर बसला होता. छबूचा फक्त चेहरा बाहेर होता. तिच्या ओठांतून बारीक बारीक धाग्यांसारखं काहीतरी निघत होतं आणि अबोल्यात शिरत होतं. ते तिचे शब्द होते. भाकरी, आई, चिऊ, अजून. एकेक करून चालले होते. छबूनं ताईकडे बघितलं, पण ओळखल्यासारखं बघितलं नाही.

शेवंतीची पाचावर धारण बसली. तरी ती ओरडली, "सोड तिला!" आवाज फुटलाच नाही. ओठ हलले तेवढेच. अबोल्यानं तो आवाजही पिऊन टाकला आणि जरासा फुगला.

तिनं पेट्या उघडल्या. याला पळवून लावायचं! पण 'अबोला' हा शब्द तिच्या पेटीत नव्हता. 'राक्षस' होता. राक्षस काय आणि अबोला काय, जवळचाच शब्द आहे, चालेल, असं तिला वाटलं. नाही चालत, बाळांनो! तिनं मांडलं, 'भित्रा राक्षस पळतो.'

धप्प! आभाळातून पडावा तसा एक निळाजांभळा राक्षस समोर उभा राहिला. ताडाएवढा उंच, शिंगं मुसळाएवढी! त्यानं अबोल्याकडे बघितलं मात्र, आणि त्याच्या गुडघ्यांची टकटक सुरू झाली. "आई गं!" म्हणून त्यानं भोकाड पसरलं, शेपूट दोन हातांत धरली आणि केवडा तुडवत जो पळाला तो आजतागायत पळतोच आहे. हसू नका! राक्षस पळाला, पण अबोला होता तिथेच होता. उलट त्या राक्षसाचं एवढं मोठं भोकाड त्यानं पिऊन टाकलं आणि तो दुप्पट झाला. छबूची हनुवटीसुद्धा आत गेली.

सूर्य चिंचेच्या शेंड्याला टेकला.

कामाची पेटी रिकामी झाली होती. उरली नावं आणि उरलं रंगरूप. चंदेरी, मखमली, झुळझुळीत. काय कामाचे होते ते! शंभर दागिने आणि चालायला पाय नाहीत, अशी गत. शेवंतीचा हात वेणीकडे गेला. सोनेरी चिठ्ठी ऊबदार लागत होती. ती घट्ट धरली की आपण घरी. आईच्या कुशीत. दिवेलागणीच्या आत. तिला तिथून पळून जावंसं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार वाटलं.

मग तिला छबूची मूठ दिसली. राखाडी गोधडीतून एवढीशी मूठ बाहेर राहिली होती. तिच्यावर खळ वाळली होती, आणि मुठीत काहीतरी चिकटलं होतं. शेवंतीनं वाकून बघितलं. 'हसतो.' पार भिजून फाटलेला, वाचता न येणारा. खळीतून ताईचा एक शब्द छबूनं वाचवला होता आणि तो धरून ती गेली होती.

शेवंतीला रडू कोसळलं. तिला म्हणायचं होतं, छबे, माझं चुकलं. पण इथं आवाज नव्हता. तेव्हा तिनं वेणीतली सोनेरी चिठ्ठी सोडवली. तिसऱ्या वाक्याला नाव शोधायची गरज नव्हती, नाव समोरच होतं, छबू. तिनं छबूची मूठ उघडली, 'ये' आत ठेवला आणि बोटं मिटली.

लख्ख उजेड झाला. अबोला एका बाजूनं फाटला, आणि छबू बी सुटावं तशी त्यातून सुटली. लांबलचक वाट सतरंजीसारखी गुंडाळली गेली आणि छबूला घेऊन दिसेनाशी झाली. शेवंती एकटी उरली. मग अबोला हळूच, अगदी हळूच तिच्यावर येऊन बसला.

आधी रंगरूप गेलं. जांभळा गेला, चकचकीत गेला, चंदेरी गेला. केवड्याचा पिवळा रंग उडाला. पान उरलं. नुसतं पान. आभाळ उरलं. नुसतं आभाळ.

मग कामं गेली. पाय, पण पाऊल नाही. हात, पण हालचाल नाही. पान. माती. थंडी. आणखी थंडी.

मग नावं जायला लागली. समोर ते होतं, हिरवं... काय बरं ते? पायाखाली हे होतं... हे काय? घरी ती होती, पुड्या चिकटवणारी, ती... ती कोण? मी कोण? शे... शे...

पुढचं अक्षर तिला आठवेना.

इकडे छबू उंबऱ्यावर येऊन आदळली. आई परसातून धावत आली. तिनं तिला उचललं, झाडलं, पदरानं तोंड पुसलं. "कुठं गेली होतीस गं? ताई कुठाय? बोल की!"

छबूनं तोंड उघडलं. आत एकही शब्द नव्हता. आई हा शब्द नव्हता, ताई नव्हता, बन नव्हता. अबोल्यानं सगळे पिऊन टाकले होते. तिच्याकडे एकच शब्द होता, मुठीतला.

"ये," छबू म्हणाली.

"आले की बाळा. ताई कुठाय?"

"ये!" छबू आईच्या हातांतून खाली उतरली. ज्या दारातून ती जाते म्हणून गेली होती, त्याच दारात ती उभी राहिली. बनाकडे तोंड केलं, दोन्ही मुठी वळल्या आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून तिनं हाक मारली, "ये! ये! ये!"

मग आईला कळलं. तिच्या काळजाचं पाणी झालं. तीही उंबऱ्यावर उभी राहिली आणि घसा फाटेस्तोवर ओरडली, "शेवंते, ये गं! ये!"

हाक ओढ्यावरून गेली, काट्यांवरून गेली, बनात शिरली. अबोल्यानं ती प्यायला घेतली, आणि त्याला ठसका लागला. ज्या भांडणातून तो जन्मला होता, त्या भांडणातलं रुसलेलं माणूसच आता बोलत होतं! शेवंतीला स्वतःचं नाव आठवत नव्हतं. हाक मारणारी कोण ते आठवत नव्हतं. पण त्या शब्दाचा अर्थ तिला कळला. तो कळायला काही आठवावं लागत नाही. तिचं एक पाऊल उचललं. मग दुसरं.

आणि अबोला सुटला. जुन्या स्वेटरची वीण उसवते तसा टोकापासून भराभर उसवत गेला. त्यातून शब्द बाहेर पडले. किती शब्द! लाल, निळे, पोपटी, मोतिया, बनभर फुलपाखरांसारखे भिरभिरायला लागले. छबूचे बोबडे शब्द, शेवंतीचे चकचकीत शब्द आणि वाडीतल्या कुणाकुणाचे, वर्षानुवर्षं अडकून पडलेले. 'जेवलास का?' हा एक जाडजूड शब्दांचा थवा दोन भावांच्या घराकडे उडाला. 'दार उघड गं' हा एका जावेच्या खिडकीत शिरला. त्या संध्याकाळी वाडीत कितीतरी जण उगाचच एकमेकांच्या अंगणात जाऊन उभे राहिले.

शेवंती धडपडत घरी पोचली. सूर्य नेमका तेव्हाच चिंचेआड गेला. छबू तिच्या गळ्यात पडली. दोघी एवढ्या रडल्या की कोण कुणाची समजूत घालतंय तेच कळेना.

"छबे, मी तुला जा म्हणाले."

"हो," छबू हुंदके देत म्हणाली. "आणि मी तुझे शब्द तुडवले."

"तुडव. सगळे तुडव."

आईनं पणती लावली. तर पणतीआधीच घरात उजेड पडला होता! खळीच्या भांड्याच्या काठावर ती इवलीशी परी पाय हलवत बसली होती. तिनं भांड्यात बोट बुडवलं, चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "शी! हे खाऊन दिवस काढता होय?" तिनं पंख झटकले. गुलाबी धूळ उडाली, आणि भांड्यात शेवयांची गरमगरम खीर दिसू लागली, वर बेदाणे, केशराच्या काड्या.

"ही संपायची नाही," परी म्हणाली. "पण माझा नियम आहे. पहिली वाटी उंबऱ्याबाहेरच्या माणसाला द्यायची. आणि शेवंती, तुझी कामाची पेटी उघडून बघ."

पेटी कामाच्या शब्दांनी गच्च भरली होती. सगळ्यांत वर भिजलेला, फाटका 'हसतो' होता. परीनं तो नवा केला नव्हता. शेवंतीलाही तो नवा नकोच होता. भांड्याच्या काठाला राहिलेल्या खळीच्या शेवटच्या थेंबानं तिनं तो दारावर चिकटवला.

पुढे दोघी बहिणी भांडल्या नाहीत असं समजू नका. दिवसाकाठी तीनदा भांडायच्या, झिंज्या ओढायच्या. शेवंती रागानं जा म्हणायचीसुद्धा. पण छबू उंबऱ्यापर्यंत पोचायच्या आत मागून ओरडायची, "ये गं!"

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. आई पहिली वाटी शेजारच्या घरी देऊन आली, आणि परीचे पंख उजळायला लागले. हळदीसारखे, मग सोन्यासारखे, मग बघवेना एवढे. शेवंती घाईघाईनं म्हणाली, "परीबाई, जाताय?"

"काय म्हणालीस?" परीनं भुवया उंचावल्या.

शेवंतीनं जीभ चावली. परी खुदकन हसली, आणि त्या लखलखत्या उजेडात विरता विरता म्हणाली, "येते हं!"

छबूच्या तोंडात खीर होती. तरी पहिली तीच ओरडली, "ये!"